निमकरांचं पिकलेलं मत

निमकरांना मी पहिल्यांदा पुरणपोळी पाठवली ती होळीला, आणि ती कशी झाली होती हे त्यांनी मला सांगितलं अक्षय्यतृतीयेच्या आसपास. जिन्यात भेटले, हातात दुधाची पिशवी. मला थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "वहिनी, त्या पोळीत जायफळ जरा पुढे आलं होतं. पण एकंदर रचना उत्तम." मला काही टोटलच लागेना. कुठली पोळी, कसलं जायफळ? मधल्या काळात मी त्यांच्याकडे गुळांबा पाठवला होता, थालीपीठं पाठवली होती, एकदा तर सुक्या मटणाचा डबाही गेला होता. त्या सगळ्यांवरची मतं अजून यायची होती.

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. आमच्या ह्यांची विमा कंपनीत जयपूरला बदली झाली. ऑफिस तिथल्या झालाना भागात, आणि कंपनीच्या कॉलनीत आम्हाला मिळाला तळमजला. डोक्यावर निमकर. ह्यांच्याच ऑफिसात दाव्यांच्या विभागाचे साहेब, मूळचे मिरजेचे. मिरज म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या कुंपणाला लागूनच. परमुलखात वरच्या मजल्यावर आपल्याकडचं माणूस, आणखी काय पाहिजे? एवढा मला आनंद झाला होता. तो पहिल्या रविवारी दुपारपर्यंत टिकला.

जेवून जरा आडवी झाले होते. वर कुणीतरी कपाट ओढतंय असं वाटलं. मग वाटलं, दोन कपाटं एकमेकांच्या अंगावर गेलीत. मग एकदम सगळं शांत होऊन एक गडी फार गोड आवाजात गायला लागला. आता बरं वाटतंय म्हणून मी कूस बदलली, तोच त्याच गड्याची बोटं दारात चेमटल्यासारखा तो ओरडला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मी पदर खोचला आणि वर गेले.

दार निमकरांनीच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मला आत घेतलं आणि खुर्चीत बसवलं. स्वतः जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसले. बाहेर जयपूरचा उन्हाळा भाजत होता आणि घरात कूलर बंद, पंखाही बंद. घामानं माझी पाठ भिजली, तरी उठायची माझी छाती होईना. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली, "सम!" असं म्हणाले आणि डोळे उघडले. मी म्हटलं, भाऊजी, मी भांडायला आले होते. तर त्यांचा चेहरा खरोखर पडला. म्हणाले, तुम्ही इतक्या शांत बसलात, मला वाटलं जाणकार आहात.

कूलर का बंद, तर त्याचा स्वतःचा एक ठेका असतो आणि तो सरळ चार मात्रांचा असतो. त्यानं गाण्यातल्या अवघड मात्रा बिघडतात. चिवडा आणि शेव या घरात रविवारी दुपारी वर्ज्य, कारण चावण्याचा आवाज. पापड तर बारा महिने डब्यात. सुनंदाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवायच्या. त्यांनी त्या रविवारनंतर एक मार्ग काढला. वर गाणं सुरू झालं की निवडायची भाजी ताटात घेऊन त्या खाली माझ्याकडे यायच्या, आणि आम्ही दोघी माझ्या कूलरसमोर बसून कुरकुरीत काहीतरी खायचो.

या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात हे मला निमकरांनी शिकवलं. तुम्हाला माहीत नसेल तर तुमचं काही अडलेलं नाही, पण थोडक्यात सांगते. विजेच्या गिटारी, ढोल बडवल्यासारखा ड्रम, गाणी आपल्या कीर्तनाएवढी लांब आणि मात्रांचा हिशोब असा, की सात म्हणता म्हणता साडेअकरा होतात. निमकरांचा बँड कुठल्याशा बर्फाच्या देशातला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण मला ते अजून नीट म्हणता येत नाही.

मिरजेचा, लहानपणी तबला शिकलेला, पन्नाशीचा विमा अधिकारी या भानगडीत पडला तो मुलीमुळे. मुक्ता अकरावीत असताना कुणा मैत्रिणीची कॅसेट घेऊन आली आणि तिनं खोलीचं दार लावून ती मोठ्यानं लावली. निमकर तिला झापायला गेले. दारात उभे राहिले, बोटं आपोआप मोजायला लागली, आणि त्यांच्या हिशोबानं सम जिथे यायला पाहिजे तिथेच ती धाडकन आली. झापायचं राहिलं. "पुन्हा लाव," म्हणाले. त्या दिवसापासून बापलेक एका पंथाला लागले. सुनंदाताई म्हणायच्या, तोवर हे पोरीशी फक्त तिच्या गणिताच्या मार्कांबद्दल बोलायचे. ते मार्कही चांगले असायचे, त्यामुळे तेवढंही बोलणं व्हायचं नाही.

मुक्ता पुढे शिकून बंगलोरला नोकरीला लागली. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. आधी सुनंदाताई बोलायच्या, काय ते सगळं विचारून घ्यायच्या, मग फोन निमकरांकडे. निमकर फोन घेतल्या घेतल्या म्हणायचे, "त्या चौथ्या गाण्यातला ड्रम पुन्हा ऐकलास?" आणि पुढे तासभर तेच. जयपुरात वाढलेल्या पोरीचं मराठी अडखळतं, निमकरांचं हिंदी त्याहून दिव्य. पण या विषयात दोघांची गाडी कुठे म्हणता अडायची नाही. फोन ठेवल्यावर निमकर घरभर फिरत राहायचे, आणि सोमवारी ऑफिसात कुणाचा दावा अडकला असेल तर त्यानं तो सोमवारीच पुढे ठेवावा असं आमचे हे सांगायचे.

मताच्या बाबतीत मात्र मुलीलाही सूट नव्हती. नवा अल्बम आला की त्यावर लगेच बोलायचं नाही. ऐकायचा, ठेवायचा, पुन्हा ऐकायचा. मत पिकू द्यायचं. ऑफिसातली पोरं त्यांना मुद्दाम जवळच्या राजा पार्क वस्तीत मिरचीवडा खायला न्यायची आणि कसा आहे विचारायची. निमकर शांतपणे सांगायचे, कळवतो. आणि खरंच कळवायचे, पोरं ते विसरून गेल्यावर.

एकदा मंडळाच्या गणपतीत त्यांची आणि गावाची गाठ पडली. जयपुरातली आम्ही मराठी माणसं, काही बँकेतली, काही विम्यातली, काही लष्करातली, वर्षातून त्या दहा दिवसांत भेटायची. एका संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता, गायिका आजारी पडली आणि कुणीतरी निमकरांना विचारलं की तुमच्याकडे काही रेकॉर्डिंग आहे का. या माणसाला हे विचारणं म्हणजे काय विचारता! निमकरांनी आधी राग, ताल, मात्रा यांवर सुरेख प्रस्तावना केली. पहिली रांग माना डोलवत होती. मग त्यांनी बटण दाबलं. गोड आवाज होता तोवर ठीक चाललं होतं. गडी ओरडला तशी दोन लहान मुलं रडायला लागली. अध्यक्ष निवृत्त कर्नल होते. त्यांनी खूप वेळ ऐकून घेतलं आणि सौम्यपणे विचारलं, "निमकर, यांना काही त्रास होतोय का?" निमकर म्हणाले, "हो. पण तो पुढच्या भागात कमी होतो." पुढचा भाग ऐकायला कर्नल, आम्ही दोघी आणि गणपती एवढेच उरलो. निमकर अजिबात खट्टू झाले नाहीत. घरी येताना मला म्हणाले, कर्नलसाहेबांचा कान तयार होण्यासारखा आहे.

त्याच वर्षी बँडचा नवा अल्बम आला. आधीच्या अल्बमला इतका काळ लोटला होता की निमकरांनी आशा सोडली होती. मुक्तानं तिकडे अल्बम विकत घेतला, कॉम्प्युटरवर उतरवला आणि त्याची एक सीडी करून कुरिअरनं पाठवली. निमकरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "मिळाली. मत दिवाळीत. तू आल्यावर समोरासमोर." तोवर या अल्बमबद्दल फोनवर एक अक्षर काढायचं नाही असं बापलेकींचं ठरलं.

निमकरांनी नियम पाळला. पण माझ्याशी बोलणं त्यात मोडत नव्हतं, कारण मला यातलं काही कळत नव्हतं. गच्चीवर मी कुरडया घालत होते तेव्हा त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. एका दीपगृहाचा रखवालदार असतो. दुसऱ्याच गाण्यात तो समुद्रात उतरतो आणि बुडतो. गाण्याचं नाव 'बिलो', सर्वांत लांब गाणं. मग घंटा वाजते. मग तो घरी परततो. मग दिवा लावतो. मी कुरडईचा साचा खाली ठेवला. म्हटलं, भाऊजी, दुसऱ्या गाण्यात मेला तर पुढची गाणी कशाला?

निमकरांचे डोळे चमकले. "हाच प्रश्न आहे! आधी मरण, मग घर, मग दिवा. पुनर्जन्म, वहिनी. तिकडच्या गोऱ्या पोरांना पुनर्जन्म कळला."

इतका सुखी माणूस मी फार कमी पाहिला. दिवाळीपर्यंत ते मत त्यांनी अढीत घातलेल्या आंब्यासारखं जपलं. मधूनमधून मला जिन्यात थांबवून सांगायचे, आज घंटेचा अर्थ लागला.

दिवाळीला मुक्ता आली आणि आल्याच दिवशी तिनं सांगितलं की तिला एका मुलाशी लग्न करायचंय. अंकुर चावला. बंगलोरला तिच्याबरोबर काम करतो, आणि मूळचा कुठला, तर राजा पार्कचा! वडिलांचं तिथे सलवार-कुर्त्यांच्या कापडाचं दुकान. आमच्या कॉलनीतून रिक्षानं गेलं तर गाणं संपायच्या आत पोचावं, एवढ्या अंतरावरचा मुलगा हिला दोन हजार किलोमीटर लांब जाऊन भेटला होता. सुनंदाताईंनी कपाळाला हात लावला. पंजाबी! जेवणात राजमा, लग्नात नाच, आणि आपल्या लोकांना सांगायचं काय? त्या माझ्याकडे येऊन रडल्या.

निमकर शांत होते. म्हणाले, बोलावून घ्या. मुक्तानं बापाकडे पाहिलं. "बाबा, तो अल्बम त्यानं पण ऐकलाय. मतलब, पूर्ण ऐकलाय." निमकरांच्या तोंडावर जे पसरलं ते बघून मला वाटलं, झालं, आता अक्षता टाकायला हरकत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तो आला. उंच, चष्मा, केस नीट भांग पाडलेले, हातात मिठाईचा डबा. पोह्यांचा रिवाज म्हणून सुनंदाताईंनी पोहे केले, रडत रडत केले, तरी फक्कड झाले. पण निमकरांचा आग्रह असा की मुलगा आणि ते, दोघेच बाहेर बसतील. परीक्षेला घरची माणसं नकोत. मुक्ताला खाली माझ्या घरी धाडलं, आम्ही दोघी स्वयंपाकघरात, दाराशी कान लावून. बाकीचं काही विचारलंच नाही, पगार नाही, घर नाही, कुंडली तर सोडाच. थेट विचारलं, अल्बम सुना? तो म्हणाला, जी अंकल, बहुत बार. मग निमकरांनी विचारलं की तो संपतो कुठे. अंकुरनं जराही न अडखळता सांगितलं की 'बिलो'वर, सर्वांत लांब गाण्यावर. रखवालदार समुद्रात उतरतो आणि तिथेच सगळं संपतं.

 बाहेर खुर्ची सरकली. निमकर म्हणाले, "चाय लीजिए," आणि आतल्या खोलीत निघून गेले. तो बिचारा एकटाच पोह्यांसमोर बसून राहिला.

तो गेल्यावर मुक्तानं वर येऊन विचारलं, काय झालं. निमकर म्हणाले, "मुलगा खोटं बोलतो. ऐकलं नाही आणि ऐकलं म्हणतो. मला असा माणूस घरात नको." बस, एवढंच. कशावरून, ते सांगेनात. मुक्तानं पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं, तरी नाही. त्यांच्या मते मुलीला आणखी दुखवण्यात अर्थ नव्हता. पोरगी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग उचलून बंगलोरला निघून गेली. जाताना आईच्या पाया पडली. बापाच्या समोरून नुसती गेली.

रविवारी फोन आला नाही. मुक्तानं आईच्या शाळेत दुपारी फोन केला होता, शुक्रवारी, म्हणजे आईशी तिचं बोलणं चालू होतं. निमकर संध्याकाळी फोनशेजारी जाऊन बसले. मी विरजण मागायला गेले होते, तर मला बघून उगीच वर्तमानपत्र उलगडलं, ते उलटं. पुढच्या रविवारीही तेच. ऑफिसातले दावे अडकून पडले. आमचे हे म्हणाले, साहेब सही करत नाहीत, नुसतं कागदाकडे बघतात. मला मेलीला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. इतका शहाणा माणूस, आणि एका गाण्यापायी पोरीला मुकायला निघालाय!

सुनंदाताईंनी दुपारी माझ्याकडे यायचं बंद केलं. ह्यांना एकटं सोडवत नाही, म्हणाल्या. मी आल्यापासून पहिल्यांदाच त्या मेथी घेऊन वरच बसल्या, त्या कपाटांच्या भांडणासमोर. निमकरांची सवय अशी की प्रत्येक गाणं लागायच्या आधी मैफलीत सांगतात तसं त्याचं नाव पुकारायचं, ऐकायला कुणी असो वा नसो. त्या दिवशीही त्यांनी पडेल आवाजात पुकारलं, अँकर. मग बिलो. मग ड्राउन्ड बेल. मग होमकमिंग. सुनंदाताई मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "आता आय, जे, के नाहीतर एल."

"लॅम्प," निमकर म्हणाले आणि मध्ये बोलल्याबद्दल त्यांच्याकडे रागानं पाहिलं. त्यांच्या काही डोक्यात शिरलं नाही. सुनंदाताईंच्या मात्र शिरलं. मेथी तशीच टाकून त्या खाली आल्या. माझ्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "अगं, माझ्या वर्गाच्या हजेरीसारखी लागतायत ती गाणी. अदिती, भावना, चेतन, दिव्या. कॉम्प्युटरनं लावलीयत, एबीसीडीनं. गाणाऱ्यांनी नाही."

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. म्हणजे रखवालदार दुसऱ्या गाण्यात बुडतो तो त्या गाण्याचं नाव बी वरून म्हणून! पुनर्जन्म नाही, घंटेचा अर्थ नाही, काही नाही. आणि त्या चावलांच्या पोरानं सांगितलेला शेवट खरा.

मला हसू येत होतं, पण ताईंच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "सांगू का नको? नाही सांगितलं तर तो पंजाबी गेला. देवानंच घालवला, मी काही केलं नाही. सांगितलं तर आणावा लागणार."

मी म्हटलं, ताई, तुम्हाला जावई कोण हवा ते नंतर बघू. वर जे बसलेत ते तुम्हाला असे हवेत का?  त्यांनी पदरानं नाक पुसलं, उठल्या आणि वर गेल्या. त्या बाईबद्दल मला आजही आदर वाटतो तो त्या जिन्यासाठी.

 वर अल्बम पुन्हा सुरू झाला, पहिल्यापासून, आणि प्रत्येक नावानंतर थांबत थांबत. तो संपल्यावर निमकर स्वतः खाली आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सलवार-कुर्त्याचं कापड घ्यायचंय का?"

मी साडी नेसते, हे त्यांना रोज दिसत होतं. "मग एखादी ओढणी तरी?" म्हणाले. मी चपला घातल्या.

राजा पार्कच्या त्या दुकानात पांढरी गादी अंथरलेली. आम्ही चपला काढून बसलो. चावलांनी, म्हणजे अंकुरच्या वडिलांनी, आम्हाला ओळखलं नाही. ओळखणार कसे, अजून भेटच झाली नव्हती. "आइए बहनजी," म्हणून त्यांनी माझ्यासमोर ओढण्या फेकायला सुरुवात केली. लहरिया, बांधणी, गोटापट्टी, एकावर एक. अंकुर अजून बंगलोरला परतला नव्हता, रजा वाढवून गल्ल्याशेजारी बसला होता. निमकरांना बघून तो उभाच राहिला. निमकर गादीवरून सरकत सरकत त्याच्यापर्यंत गेले आणि हात जोडले. मोठ्या माणसानं हात जोडलेले बघून पोरगं घाबरलं, त्यानंही जोडले.

निमकरांनी आपल्या त्या दिव्य हिंदीत सगळं सांगितलं. सीडी, एबीसीडी, मेरा क्रम गलत था, तुम सच्चे थे. आणि मग, काय म्हणावं या माणसाला, बरोबर क्रम काय तो विचारला. अंकुरनं बोटांवर मोजून सांगितला. आधी दिवा, मग घर, मग नांगर, मग घंटा, शेवटी समुद्र. निमकर डोळे मिटून ऐकत होते. चावला माझ्यासमोर मोरपंखी ओढणी झटकत म्हणाले, यह देखिए, बिल्कुल आपका रंग. मी म्हटलं, भैया, जरा थांबा.

"तो फिर तुम्हारा मत क्या है?" निमकरांनी विचारलं. "पूरे अल्बम पर."

अंकुरनं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अंकल, सच बोलूं? मुझे यह म्यूज़िक समझ में नहीं आता। सिर दुखता है।"

"फिर इतनी बार सुना क्यों?"

"मुक्ता ने कहा था, पापा से बात करनी हो तो यही एक रास्ता है।"

निमकरांनी चष्मा काढला. मग अगदी हळू विचारलं की मुक्ताला तरी आवडतो ना हा अल्बम.  बोलायचं नसेल तेव्हा माणसं करतात तसा अंकुर शेजारच्या कापडाची घडी नीट करायला लागला. "पहले बहुत पसंद था," म्हणाला. "कॉलेज तक। अब... संडे से पहले सुन लेती है।"

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मांडीवर एवढ्या ओढण्या होत्या की उठता येईना. निमकरांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवलाच नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकला. म्हणाले, फोन लगाओ. अंकुरनं खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला, वाजायला लागल्यावर त्यांच्या हातात दिला. निमकरांना मोबाइलची सवय नव्हती. तो त्यांनी उलटा धरला, अंकुरनं सरळ करून कानाला लावून दिला.

"मुक्ता, बाबा बोलतोय." पलीकडून काही आलं असावं, किंवा नसावंही. निमकर थांबले. आयुष्यात इतक्या वेळा या मुलीशी फोनवर बोललेला माणूस, आणि पुढे काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं, हे मला समोर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "जेवलीस का?"

मग त्यांनी फक्त ऐकलं. मधेच म्हणाले, "कुठला गॅस?" मग, "मग तो बदलून घे की." मग खूप वेळानं, "माझं चुकलं गं," आणि पुन्हा ऐकत राहिले. चावलांनी चहा मागवला. अंकुर पाठमोरा होऊन कपाटात कापडाची ठाणं लावत होता, लावलेलीच काढून पुन्हा लावत होता. मी ती मोरपंखी ओढणी घेतली. माझ्या कुठल्या साडीवर ती घालायची हे मला आजतागायत कळलेलं नाही.

परतताना रिक्षात निमकर बाहेर बघत बसले होते. मुक्ताच्या घरचा गॅस गळतो, म्हणाले. तिच्या वरच्या मजल्यावरची बाई फार भांडखोर आहे. मुक्ताला गेल्या महिन्यात ताप आला होता, तो तिनं सांगितलाच नाही. हे सगळं त्यांनी मला अशा थाटात सांगितलं, जसं काही जगात पहिल्यांदाच कुणाला ताप आला होता.

माझी जीभ कोल्हापुरी, गप्प बसेल तर शपथ. विचारलंच, मग अल्बमबद्दल काय म्हणाली?

निमकरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना खरंच आठवावं लागलं.

"तो विषय निघालाच नाही," म्हणाले.